घरविमा आणि नियुक्तिपत्राचे परिशिष्ट : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

माझ्या मालकीच्या वस्तूंना सध्या दोन कागदांचे संरक्षण आहे. एक ‘भारत गृहरक्षा’ ही घरविम्याची पॉलिसी, आणि दुसरे, पुण्यातील ज्या निर्मितिसंस्थेत मी ध्वनिमुद्रणाचे काम करते तिच्या नियुक्तिपत्राला जोडलेले दीड पानी परिशिष्ट. दोन्ही गेल्या उन्हाळ्यात झाले आणि पावसाळ्यात दोन्हींचा कस लागला. माझे मत आधीच सांगते. घरविमा हप्त्याच्या मानाने फार चांगला आहे, परंतु ज्यांची स्वतःची उपकरणे रोज कामावर जातात त्यांनी केवळ त्याच्यावर विसंबू नये. अशा उपकरणांसाठी नियुक्तिपत्रातील मजकूर अधिक उपयोगी पडतो, आणि तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

‘भारत गृहरक्षा’ ही एखाद्या कंपनीची खास योजना नव्हे. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, 1 एप्रिल 2021 पासून लागू केलेली ही प्रमाणित पॉलिसी आहे आणि तिच्या मूळ अटी सर्व कंपन्यांकडे सारख्याच असतात. घराची विमारक्कम बाजारभावावर ठरत नाही. चटईक्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून ती काढतात, जमिनीची किंमत तीत येत नाही. साठ चौरस मीटरची सदनिका आणि चौरस मीटरला तीस हजार रुपये दर धरला, तर अठरा लाख होतात. इमारतीचा विमा उतरवला की तिच्या विमारकमेच्या 20 टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानाला आपोआप संरक्षण मिळते आणि त्यासाठी सामानाची यादी द्यावी लागत नाही. वरील उदाहरणात ते तीन लाख साठ हजार होते. त्याहून अधिक हवे असल्यास यादी द्यावी लागते. भाडेकरूला केवळ सामानाचा विमा घेता येतो, ही गोष्ट पुण्यात भाड्याने राहणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते.

या पॉलिसीतील मला सर्वांत मोलाची वाटलेली तरतूद म्हणजे विमारक्कम कमी पडल्यास दाव्यात त्या प्रमाणात कपात न करण्याची. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत दहा लाखांच्या मालमत्तेचा विमा पाच लाखांचा असेल, तर एक लाखाच्या नुकसानीचे पन्नास हजारच हाती येत. येथे ती अट पूर्णपणे काढून टाकलेली आहे. दागिने, चांदीची भांडी आणि चित्रे यांच्यासाठी मात्र वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्याची एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत एक लाखापर्यंत असेल, तर मूल्यांकनाचा दाखला मागत नाहीत.

चोरीच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. मूळ पॉलिसीत चोरीला संरक्षण आहे ते केवळ आग, पूर, भूकंप यांसारखी विमाकृत घटना घडल्यावर, तिच्यामुळे आणि तिच्यापासून सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीला. कुलूप तोडून झालेल्या घरफोडीसाठी स्वतंत्र संरक्षण जोडावे लागते. मी ते जोडले आणि तरीही वर्षाचा हप्ता जीएसटी धरून दोन हजारांच्या आत राहिला.

पावसाळ्यात वरच्या मजल्यावरील सदनिकेतील पाण्याची नळी रात्री फुटली आणि सकाळपर्यंत पाणी आमच्या छतातून कामाच्या खोलीत उतरत राहिले. पाण्याच्या टाक्या, नळ व संबंधित उपकरणे फुटून किंवा भरून वाहून झालेले नुकसान या पॉलिसीत स्पष्टपणे समाविष्ट आहे, त्यामुळे कारणाबद्दल वाद झाला नाही. भिंतीतून महिनोन्‌महिने झिरपणाऱ्या ओलीला हा न्याय लागत नाही, हे नुकसानीची पाहणी करायला आलेल्या सर्व्हेअरने बोलता बोलता सांगितले. गादी, पुस्तकांचे कपाट, लॅपटॉप आणि माझा फील्ड रेकॉर्डर, म्हणजे चित्रीकरणाच्या जागी ध्वनी मुद्रित करण्याचे यंत्र, या चार वस्तूंचा मी दावा केला. आयआरडीएआयच्या 2024 च्या सूचनांनुसार दावा कळवल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेअर नेमला जावा, पंधरा दिवसांत त्याचा अहवाल यावा आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा असते. सर्व्हेअर वेळेत आला आणि अहवालही वेळेत गेला. कंपनीचा निर्णय मात्र दोन वेळा लेखी आठवण करून दिल्यावरच आला, आणि तोही मुदत उलटल्यावर.

गादी, कपाट आणि लॅपटॉप मान्य झाले. लॅपटॉपसाठी त्याच प्रकारच्या नव्या यंत्राची किंमत धरली गेली. त्यातून भिजलेल्या यंत्राची भंगार किंमत वजा झाली, ती मला वाजवी वाटली. रेकॉर्डर नाकारला गेला. पॉलिसीतील सर्वसाधारण सामानाची व्याख्या घरगुती वापराच्या वस्तूंची आहे. चार वाहिन्यांचा, व्यावसायिक मायक्रोफोनसाठीच्या एक्सएलआर जोडणीचा आणि ध्वनी चित्राशी जुळवणारा टाइमकोड असलेला रेकॉर्डर घरगुती वापराचा म्हणता येणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. मला ते पटले नाही, पण निराधारही वाटले नाही. लॅपटॉपवर मी ऑफिसचे काम करते तसे घरचे हिशोबही करते, म्हणून तो सुटला. रेकॉर्डरवर घरात कोणी काही मुद्रित करत नाही. नाराजी असल्यास विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे, शुल्क नाही आणि आता पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे त्यांच्या अधिकारात येतात. कंपनीकडे आधी तक्रार करून एक महिना थांबावे लागते. तेवढ्यात दुसऱ्या कागदाने माझे काम केले, म्हणून मी तिकडे वळले नाही.

समजा रेकॉर्डर घरगुती ठरला असता, तरी तो त्या रात्री ऑफिसमध्ये असता तर एक रुपयाही मिळाला नसता. घरातून अन्यत्र नेलेल्या वस्तूंचे नुकसान पॉलिसीने वगळलेले आहे. ज्याची उपकरणे आठवड्यातील पाच दिवस बाहेर असतात त्याच्या दृष्टीने हा एक अपवादच सर्वांत मोठा आहे.

संस्थेच्या विम्याकडून काही मिळेल का, हेही मी करार करण्यापूर्वी विचारून घेतले होते. आमच्या संस्थेची पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रकारची आहे. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या उद्योगांसाठी ती असते आणि तीही 2021 पासूनचीच. तिच्यात कर्मचारी, संचालक आणि पाहुणे यांच्या वैयक्तिक वस्तूंना संरक्षण आहे, परंतु माणशी पंधरा हजार रुपये आणि जास्तीत जास्त वीस माणसे. टेबलावरचा डबा, छत्री आणि हेडफोन यांच्यासाठी ते पुरते. माझा शॉटगन मायक्रोफोन एकटाच त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. प्रशासन विभागातील ज्यांनी मला ही पॉलिसी दाखवली त्यांनाही हे कलम त्या दिवशीच दिसले, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

कायद्याची बाजूही जाणून घेण्यासारखी आहे. आपली वस्तू आपण कामासाठी संस्थेच्या ताब्यात देतो तेव्हा 1872 च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाचे, म्हणजे परत मिळण्याच्या अटीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देण्याचे, नाते निर्माण होते. ताबा घेणाऱ्याने शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घ्यावी, असे कलम 151 सांगते. तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीला तो जबाबदार नाही, असे कलम 152 सांगते. म्हणजे काळजी घेऊनही वस्तू बिघडली तर बोजा माझाच, आणि तो बदलायचा तर करारात लिहून घेण्याखेरीज मार्ग नाही. शिवाय वस्तू माझ्याच हातात असताना बिघडली तर निक्षेपाचा प्रश्नच येत नाही.

परिशिष्टाची वाटाघाट म्हणूनच मी हट्टाने केली. मनुष्यबळ विभागाच्या पहिल्या मसुद्यात ‘कर्मचाऱ्याने स्वेच्छेने आणलेल्या साधनांची जबाबदारी संस्थेवर नाही’ असे एकच वाक्य होते. माझी साधने स्वेच्छेने येत नव्हती. ती आहेत म्हणून संस्थेला बाहेरून भाड्याने घ्यावी लागत नव्हती, आणि भाड्याच्या दरपत्रकाचा एक कागद समोर ठेवल्यावर चर्चा वेगाने पुढे सरकली. शेवटी ठरले ते असे. साधनांची यादी मालिका क्रमांक, खरेदीचे वर्ष आणि मान्य किंमत यांसह जोडायची. संस्थेच्या कामासाठी ती नेताना, वापरताना किंवा साठवताना नुकसान झाले तर दुरुस्तीचा खर्च, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर मान्य किमतीतून वर्षाला ठरावीक घसारा वजा करून उरलेली रक्कम संस्थेने द्यायची. विम्याकडून जे मिळेल ते त्यातून वजा होईल, परंतु विमा नाकारला गेला म्हणून संस्थेची भरपाई अडणार नाही. हे शेवटचे उपवाक्य घालून घेण्यासाठी मला सर्वांत अधिक बोलावे लागले आणि पावसाळ्यात त्यानेच मला वाचवले.

रेकॉर्डर आदल्या दिवशीच्या चित्रीकरणाहून घरी आला होता आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा जायचा होता. घरात ठेवणे म्हणजे ‘साठवणे’ नव्हे, असा लेखा विभागाचा पहिला पवित्रा होता. मी दोन्ही दिवसांची कॉलशीट, म्हणजे चित्रीकरणाचे त्या त्या दिवसाचे वेळापत्रक, आणि विमा कंपनीचे नकारपत्र जोडले, आणि मनुष्यबळ विभागाने माझ्या बाजूने निर्णय दिला. रक्कम पुढील पगाराबरोबर आली, मात्र पगारपत्रकात ती भत्ता म्हणून दाखवून तिच्यावर टीडीएस कापला गेला. खर्चाची भरपाई म्हणजे उत्पन्न नव्हे, हे लेखापालांना पटवून दुरुस्ती करून घ्यायला आणखी एक महिना गेला. ज्यांना असे परिशिष्ट करायचे असेल त्यांनी रक्कम कोणत्या शीर्षाखाली दिली जाईल, हेही त्यातच लिहून घ्यावे.

परिशिष्टाची उलटी बाजूही आहे. संस्थेची साधने माझ्या ताब्यात असताना हरवली तर त्यांची पूर्ण नवी किंमत पगारातून वळती करण्याचा अधिकार मूळ नियुक्तिपत्रात होता. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने अशी कपात कर्मचाऱ्याच्या थेट निष्काळजीपणापुरती, नुकसानीच्या रकमेपुरती आणि त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावरच करता येत होती, आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तेच तत्त्व कायम आहे. मी त्या कलमात ‘निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास’ हे शब्द घालून घेतले. संस्थेने त्याला हरकत घेतली नाही. बहुधा ते कलम कोठून तरी उतरवून घेतलेले होते.

हे सर्व नको असेल तर फिरत्या उपकरणांसाठी ‘ऑल रिस्क’ प्रकारचा विमा मिळतो. तो देशभर लागू राहतो आणि हातून पडून झालेले नुकसानही त्यात सहसा येते. मी त्याचा दर मागवून पाहिला. हप्ता घरविम्याच्या कित्येक पट होता, प्रत्येक दाव्यातील पहिली काही रक्कम आपणच सोसायची होती, उघड्या गाडीतून झालेली चोरी आणि आपोआप झालेला बिघाड वगळलेला होता, आणि विमारक्कम कमी लावली तर कपातीची जुनी अट येथे पूर्ण ताकदीने परत येत होती. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला तो घेण्यावाचून गत्यंतर नाही. नोकरीत असणाऱ्याने आधी मालकाशी बोलावे आणि मालक ऐकत नसेल तर त्या हप्त्याचा अर्धा वाटा तरी मागावा.

नूतनीकरणाच्या वेळी घरविमा मी आहे तसाच ठेवला, फक्त सामानाची रक्कम वाढवून यादी दिली. परिशिष्टात नव्या रेकॉर्डरचा मालिका क्रमांक घालण्याचा अर्ज दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत संस्थेच्या कामाला मी संस्थेने भाड्याने आणलेला रेकॉर्डर वापरते आहे आणि माझा घरीच ठेवते आहे.