उधारीवर घेतलेले डोळे: सायबरपंक २०७७ सात महिने खेळून झाल्यावर

सात महिने झाले. रात्री घरचे झोपले की तास-दीड तास, असं करत १३० तासांच्या वर गेलो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका अडखळत होता, की सोनीने तो काही दिवसांतच आपल्या स्टोअरवरून काढला होता. मी घेतला तो २०२३ च्या २.० अपडेटनंतर, त्यामुळे तो त्रास माझ्या वाट्याला आला नाही.

पहिला महिना मी नाइट सिटीत, म्हणजे गेममधल्या भविष्यातल्या शहरात, नुसता हिंडलो. पावसाने ओला झालेला रस्ता, त्यावर सांडलेला गुलाबी-निळा उजेड, इमारतींच्या अंगावर चढलेल्या जाहिराती. सायबरपंक (प्रगत यंत्रं आणि कंपन्यांच्या तावडीतली माणसं यांचा विज्ञानकथांचा प्रकार) म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती. खरं तर सुरुवातीच्याच एका कामात गेमने सगळं सांगून टाकलं होतं, मला ते उशिरा उमगलं.

बर्फाने भरलेला टब, त्यात एक बेशुद्ध बाई. माणसांच्या अंगातली यंत्रं काढून विकणाऱ्या टोळीने तिला तिथे ठेवलेलं. तिच्या शरीरातला संदेश अडवणारी चिप तुम्ही काढता आणि कळतं, की ती ट्रॉमा टीम या खाजगी वैद्यकीय बचाव कंपनीची प्लॅटिनम वर्गणीदार आहे. लगेच बाल्कनीशी विमान येऊन थांबतं, चिलखतातले जवान तुमच्यावरच बंदुका रोखतात, तिला घेऊन जातात. वर्गणी नसती तर कुणीही आलं नसतं.

पुढे व्हिक्टर नावाच्या डॉक्टरच्या तळघरातल्या दवाखान्यात माझ्या व्हीला (मी खेळतो त्या नायिकेला) नवे यांत्रिक डोळे बसतात. तिच्याकडे पैसे नसतात. तो बसवून देतो आणि २१,००० एडीजची (तिथल्या चलनाची) उधारी कामांच्या यादीत येऊन बसते. त्यानंतर मी त्या शहरात जे काही पाहिलं, ते उधारीच्या डोळ्यांनी. या साहित्यप्रकाराचा गाभा मला तिथे सापडला: शरीर आपलं, पण त्यातले भाग दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचे. निऑनचा उजेडही शेवटी जाहिरातीचाच, आणि तो पडतो ज्यांना त्यातलं काही परवडत नाही त्यांच्या तोंडावर.

दृश्यांबद्दल मी तासन्‌तास बोलू शकतो. शहराच्या चार शैली आहेत आणि कपडे-भिंती बघून माणसाची ऐपत ओळखता येते. एन्ट्रोपिझम म्हणजे निव्वळ गरज: उघडं काँक्रीट, लोंबणाऱ्या वायरी. किच भडक, स्वस्त, प्लॅस्टिकचं. निओमिलिटरिझम कंपन्यांचा, काळा आणि धारदार. आणि निओकिच अतिश्रीमंतांचा, जिथे खरं लाकूड दिसतं. त्या जगात लाकूड ही चैन आहे! हे लक्षात आल्यावर मी एका बंगल्यात नुसता लाकडी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

एक गोष्ट खटकते. गेममधली बलाढ्य कंपनी जपानी, अरासाका. ब्रूस बेथकी यांची ज्या कथेवरून ‘सायबरपंक’ हे नाव आलं ती १९८३ ची, आणि माइक पाँडस्मिथ यांचा कागद-फाशांचा मूळ खेळ १९८८ चा. जपानी भांडवल आपल्याला गिळेल, ही तेव्हाच्या अमेरिकेची धास्ती होती. ती अजून तशीच वाहत आलीय, आणि जपानी अक्षरं बऱ्याचदा नुसती सजावट होऊन राहतात. या प्रकारात लिहिणाऱ्यांनी आता दुसरी शहरं शोधावीत, असं मला मनापासून वाटतं.

घेणाऱ्यांसाठी: एसएसडी (वेगवान डिस्क) हवीच, साधारण ७० जीबी जागा ठेवा. सबटायटल लावा, बोली भरभर आहे. रक्तपात आणि नग्नता भरपूर, मुलं आसपास असताना नको. मारामारीच्या मागे धावू नका. कामं देणाऱ्या रेजिना जोन्सची सतरा सायबरसायकोंची (अंगातल्या यंत्रांपायी भान हरपून हिंसक झालेल्यांची) कामं सावकाश करा, तिथे पडलेल्या चिठ्ठ्या वाचा. ज्याला राक्षस समजून भिडलात, त्याची कहाणी त्यातच असते. आणि ती त्यांना जिवंतच मागते, हे विसरू नका.

व्हिक्टरचे २१,००० मी चौथ्या महिन्यात फेडले. बंदूक घ्यायला साठवलेले पैसे होते. त्या रात्री पुढे काही खेळलो नाही, व्हीच्या घरापर्यंत पायीच गेलो.