संरक्षित मेथिओनिन घेताना: चरबीचे आवरण, पॉलिमरचे आवरण की बायपास पेंड?

वीस लिटरच्या पुढे दूध देणाऱ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईचा आहार मुख्यतः मका भरडा, सरकी पेंड आणि मक्याचा मुरघास यांवर उभा असेल, तर लायसिन आणि मेथिओनिन ही दोन अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) बहुधा सर्वांत आधी कमी पडतात. ती सुट्या पुडीच्या रूपात खाद्यात मिसळली, तर कोठीपोटातील (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव त्यांचा मोठा भाग मोडून अमोनिया तयार करतात आणि लहान आतड्यापर्यंत फारच थोडे पोहोचते. यावर उपाय म्हणून आवरणयुक्त उत्पादने निघाली. मात्र त्यांपैकी कोणते घ्यावे, हे पिशवीवर छापलेल्या मेथिओनिनच्या टक्केवारीवरून ठरवू नये.

चरबीचे आवरण असलेली उत्पादने तुलनेने स्वस्त असतात. हायड्रोजनीकृत तेल किंवा संपृक्त मेदाम्ले यांचा थर कोठीपोटात घन राहतो आणि पुढे लहान आतड्यात पित्त व लायपेज (चरबी पचवणारे विकर) यांच्या क्रियेने सुटतो. अडचण थराच्या जाडीची असते. थर पातळ असेल तर आतील माल कोठीपोटातच झिरपतो, आणि अति जाड असेल तर दाणा जसाच्या तसा शेणात जातो. हा दुसरा दोष विक्रेते सहसा सांगत नाहीत, कारण त्या दाण्याचा ‘बायपास’ आकडा, म्हणजे कोठीपोटात न मोडता पुढे गेलेला भाग, कागदावर उत्तमच दिसतो. शिवाय गोळी पेंड तयार करताना लागणारी वाफ आणि दाब चरबीच्या थराला बहुधा मानवत नाहीत.

सामूला (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) प्रतिसाद देणाऱ्या पॉलिमरचे आवरण रसायनदृष्ट्या अधिक नेमके आहे. त्यातील व्हिनाइल पिरिडिनचे घटक कोठीपोटाच्या साधारण ५.५ ते ६.८ सामूला अविद्राव्य राहतात, आणि खऱ्या पोटात (चौथ्या कप्प्यात) सामू २ ते ३ वर आला की आम्लातील प्रोटॉन घेऊन फुगतात व विरघळतात. त्यामुळे संरक्षण आणि सुटका या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी घडतात, आणि माझ्या मते महाग असूनही हा प्रकार विचारात घेण्याचे खरे कारण हेच आहे. पण हे दाणे दळू किंवा चिरडू नयेत, आणि ४ च्या आसपास सामू असलेल्या ओल्या मुरघासात तासन्तास मिसळून ठेवू नयेत. टीएमआर (सर्व खाद्य एकत्र केलेले मिश्रण) तयार करून लगेच गव्हाणीत टाकणाऱ्या गोठ्याला ते शोभतात. सकाळचे मिश्रण संध्याकाळपर्यंत ठेवणाऱ्याला नव्हे. एथिल सेल्युलोजचा थर मात्र आम्लाची वाट पाहत नाही, तो हळूहळू झिरपत राहतो, म्हणून तेथे गाईच्या कोठीपोटातून खाद्य किती वेगाने पुढे सरकते यावर बरेच अवलंबून असते.

लायसिनबाबत अपेक्षा थोड्या कमी ठेवाव्यात. लायसिन हायड्रोक्लोराइड पाण्यात सहज विरघळते, त्यामुळे त्याला सुरक्षित गुंडाळणे मेथिओनिनपेक्षा कठीण असते.

तिसरा मार्ग म्हणजे फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया केलेली बायपास पेंड. या पद्धतीचा पाया ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या कामात घातला गेला, तोही मेंढ्यांच्या लोकरीसाठी, कारण लोकरीला गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर लागतात. भारतात या तंत्राचा प्रसार आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने केला. ही पेंड एकूण प्रथिनांची तूट भरते, निवडून मेथिओनिन देत नाही. आणि फॉर्मल्डिहाइड जास्त पडले तर लायसिनच गुंतून निरुपयोगी होते. दिवसाला आठ-दहा लिटर देणाऱ्या गाईला बहुधा यापैकी काहीच लागत नाही. कोठीपोटातील सूक्ष्मजीवांच्या प्रथिनात लायसिन आणि मेथिओनिन दोन्ही चांगले असतात, म्हणून तेथे आधी पुरेसा हिरवा चारा आणि भरड्यातील ऊर्जा द्यावी.

किमतीची तुलना आतड्यात शोषल्या जाणाऱ्या ग्रॅमवर करावी. समजा, एका उत्पादनात ८५ टक्के मेथिओनिन आहे आणि त्यापैकी निम्मेच गाईला मिळते. दुसऱ्यात ७० टक्के असून तीन चतुर्थांश मिळते. पहिल्याच्या १०० ग्रॅममधून गाईला ४२.५ ग्रॅम आणि दुसऱ्याच्या तेवढ्याच वजनातून ५२.५ ग्रॅम मिळते. म्हणजे दुसऱ्याचा किलोमागचा दर सुमारे २० टक्क्यांनी जास्त असला तरी तो परवडतो.

हे ‘किती मिळते’ विक्रेत्याने कशाच्या आधारे सांगितले, हे विचारावे. फिस्टुला केलेल्या (कुशीत शस्त्रक्रियेने कायमचे छिद्र ठेवलेल्या) गाईच्या कोठीपोटात नायलॉनची पिशवी सोडून मोजलेला आकडा फक्त संरक्षण दाखवतो, शोषण नव्हे. त्यासाठी रक्तातील मेथिओनिन वाढल्याचा पुरावा लागतो. कोमट पाण्यात दाणे टाकून पाहणे तर त्याहून अपुरे आहे, कारण गाय रवंथ करताना दाणे चावते. गोठ्यात पडताळणी करायची झाल्यास आहारातील बाकी काहीही न बदलता, व्यायल्यापासून सारखेच दिवस झालेल्या गाईंचे दोन गट करावेत आणि दुधातील प्रथिनांचे प्रमाण मोजावे. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट वगळता दुधातील घन पदार्थ) धरून ठरतो, पण एसएनएफमध्ये लॅक्टोज आणि खनिजेही असल्याने केवळ संकलन केंद्राच्या पावतीवरून निष्कर्ष काढू नये; प्रथिनांचा वेगळा आकडा देणारे यंत्र असेल तेथेच नमुना तपासून घ्यावा.