सिंथेटिक तेलात खनिज तेलाची भर: शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० वापरल्यानंतर

माझी फोक्सवॅगन पोलो १.२ लिटर पेट्रोल इंजिनची, २०१४ सालची आणि चाकणच्या कारखान्यात तयार झालेली आहे. गेली चार वर्षे मी तिच्यात शेल हेलिक्स अल्ट्रा ५डब्ल्यू-४० हे पूर्ण सिंथेटिक तेल घालत आहे. तेलाबद्दल आधीच लिहिता आले असते, परंतु त्यात साधे खनिज तेल, म्हणजे कच्चे तेल शुद्ध करून मिळणारे तेल, मिसळण्याची वेळ आली आणि त्यानंतर इंजिन कसे चालले हे पाहिले, तेव्हाच या तेलाची खरी ओळख झाली.

ऐन आषाढात कोल्हापूरमार्गे रत्नागिरीला जाताना मलकापूरला मुक्काम होता. सकाळी आंबा घाट उतरण्यापूर्वी सवयीप्रमाणे डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहण्याची पट्टी, काढून पुसली, पुन्हा घातली आणि बाहेर काढून पाहिले, तर तेल खालच्या खुणेच्याही खाली, जेमतेम टोकाला लागलेले होते. वाकून पाहिल्यावर कारण सापडले. आधीच्या सर्व्हिसमध्ये एका गॅरेजने तेल काढण्याच्या नटाला जुनाच वॉशर पुन्हा बसवला होता आणि तिथून थेंब थेंब तेल गळत होते. माझ्याजवळ सुटे तेल नव्हते. जवळच्या दुकानदाराने प्रथम मोटारसायकलचे २०डब्ल्यू-४० काढून दिले. ते मी घेतले नाही, कारण मोटारसायकलचे तेल ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचसाठी वेगळ्या हिशेबाने बनवलेले असते. शेवटी मोटारींसाठीचे १५डब्ल्यू-४० खनिज तेल मिळाले. तिथल्या मिस्त्रींनी मात्र कळकळीने हात धरला आणि म्हणाले, "साहेब, दोन्ही एकत्र आली की तेलाचं दही होतं, इंजिन जाम होईल."

ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि ती चुकीची आहे. सिंथेटिक आणि खनिज तेल एकमेकांत पूर्ण मिसळतात. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे डब्यावर जे एपीआय असे लिहिलेले असते त्या संस्थेच्या मानकात बसणाऱ्या तेलाला इतर तेलांशी मिसळून पाहण्याच्या चाचणीत उतरावे लागते; गार करून आणि तापवूनही मिश्रण फाटता कामा नये, अशी ती अट आहे. शिवाय बाजारात सिंथेटिक म्हणून विकली जाणारी बरीचशी तेले कच्च्या तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून तयार होतात, त्यामुळे दोघांचे कूळ फारसे दूरचे नाही. हेलिक्स अल्ट्राचे मूळ तेल वेगळ्या वाटेने येते. ते कतारमधील पर्ल प्रकल्पात नैसर्गिक वायूपासून तयार केले जाते. तरीही तेही शेवटी हायड्रोकार्बनच, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनचे संयुगच असल्यामुळे खनिज तेलात बिनतक्रार मिसळते. 'सेमी सिंथेटिक' नावाचा डबा म्हणजे तरी दुसरे काय, हेच मिश्रण कारखान्यात मोजूनमापून केलेले असते.

मी अर्धा लिटर ओतले, दहा मिनिटे थांबलो, पुन्हा डिपस्टिक पाहिली आणि गाडी सुरू केली. दोन्ही तेलांचा दुसरा आकडा ४० असल्याने तापलेल्या इंजिनातील दाटपणा एकाच पट्ट्यातला होता. फरक पहिल्या आकड्याचा, म्हणजे थंडीतल्या वागणुकीचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशांवर आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर होते, आणि सह्याद्रीतल्या पावसाळी सकाळी तो फरक इंजिनाला जाणवण्याइतका नसतो. घाट उतरून रत्नागिरीला पोहोचेपर्यंत आवाजात किंवा ओढीत काहीही बदल झाला नाही. घरी आल्यावर मी दोन्ही तेले काचेच्या बरणीत ढवळून महिनाभर खिडकीत ठेवली. थर सुटला नाही, की तळाशी गाळ बसला नाही. बरणीत इंजिनाची उष्णता नसते हे मला मान्य आहे, परंतु दही होण्याची भीती तरी त्यातून गेली.

मात्र इंजिन बिघडत नाही म्हणून मिसळत राहावे, असे मी मुळीच सुचवणार नाही. आपण सिंथेटिकसाठी खनिज तेलाच्या दुपटीहून जास्त पैसे मोजतो, ते उष्णतेत कमी उडते, लवकर जळून घट्ट होत नाही आणि गार इंजिनात झटकन वर चढते म्हणून. खनिज तेल मिसळले की हे गुण त्या प्रमाणात पातळ होतात. शिवाय प्रत्येक तेलातील रसायनांचा मेळ त्या त्या कंपनीने जुळवलेला असतो. हेलिक्स अल्ट्राच्या डब्यावर फोक्सवॅगन ५०२.०० मानकाची मान्यता छापलेली आहे, ती त्या डब्यातल्या तेलाला आहे. मी मलकापुरात तयार केलेल्या मिश्रणाला ती लागू होत नाही. म्हणूनच पोलोसाठी १५,००० किलोमीटरची मुदत असली, तरी हे मिश्रण मी ५,००० किलोमीटरवर फिल्टरसह काढून टाकले आणि नवा वॉशर लावून पुन्हा संपूर्ण हेलिक्स अल्ट्रा भरले. तीन लिटरच्या आसपास मावणाऱ्या इंजिनात अर्धा लिटर म्हणजे सुमारे सहावा हिस्सा; त्यामुळे घाईने दुसऱ्याच दिवशी तेल बदलण्याची गरज मला वाटली नाही.

आता नव्या भरणीवर ८,००० किलोमीटर झाले आहेत. सकाळी किल्ली फिरवल्यावर या तीन सिलिंडरच्या इंजिनाची जी टकटक काही क्षण ऐकू येते, ती या तेलावर लवकर शमते, असे माझ्या कानांना स्पष्ट जाणवते. तेल काळे पडले आहे, पण ते घाण धरून ठेवण्याचे काम करीत असल्याची ती खूण असल्याने मला त्याची चिंता नाही. किंमत जड वाटते हे खरे, आणि ज्या जुन्या इंजिनाला कंपनीनेच खनिज तेल सांगितले आहे, त्याच्यासाठी एवढा खर्च करू नये. पोलोसाठी मात्र मी हेच घेत राहीन. गेल्या रविवारी डिपस्टिकवरील तेल वरच्या खुणेपासून बोटाच्या नखाइतकेच खाली होते, आणि डिकीत त्याच तेलाची एक लिटरची बाटली जुन्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे.