नगरसेविकेचं संपर्क कार्यालय : पाचपैकी साडेतीन

जुन्या नाशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच हे ऑफिस आहे आणि शेजारी माझं पिको-फॉलचं दुकान. त्यामुळे तिथली सगळी वर्दळ रोज डोळ्यांसमोरून जाते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना आधारवरचा पत्ता बदलायचा दाखला इथे फुकट मिळतो. नमुना ठरलेला असतो. सही-शिक्का फोटोवर अर्धा, कागदावर अर्धा यायला हवा, नाहीतर आधार केंद्रावरून परत पाठवतात. टेबलावरचा पोरगा ते बरोब्बर करतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, ती १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. तेव्हा याच सहीसाठी राजपत्रित अधिकारी शोधा म्हणायचे. आमच्या गल्लीत कुणाच्या ओळखीत असतो हो राजपत्रित अधिकारी?

पोरगा माणूस बघून भाषा बदलतो. खालांशी हिंदी, सटाण्याकडच्या बाबांशी अहिराणी. मारवाडी शेटजींशी मात्र मराठीच, कारण शेटजी मराठी सोडत नाहीत! आणि खुर्चीत मॅडम स्वतः बसतात, मिस्टर नाही. अर्धा स्टार त्याचा.

आता रडगाणं. नाशकात ३१ प्रभाग, १२२ नगरसेवक. दोन प्रभाग तिघांचे, बाकी सगळे चौघांचे. अ, ब, क, ड अशी चार मतं दिली तेव्हा वाटलं, चौपट कामं होतील. दुकानासमोरचं चेंबर तुंबलं तर इथून सांगितलं, "तुमची गल्ली दुसऱ्यांकडे." तिथे गेले तर, "ड्रेनेजचं मॅडमच बघतात." अहो, चौघंही अख्ख्या प्रभागाचे! गल्ल्यांची वाटणी तुमची तुम्ही केलीत, मतदाराला कुणी विचारलं होतं? घाण पाण्यातून गिऱ्हाईक साड्या उचलून येत होतं.

शेवटी एकच अर्ज चौघांच्या नावाने लिहिला, चार प्रती दिल्या, प्रत्येकीवर पोहोच घेतली. चेंबर उपसलं. गाडीसोबतचा फोटो दोघांच्या स्टेटसला लागला.

दाखल्याला जाणार असाल तर सकाळी जा, संध्याकाळी कार्यकर्त्यांची बैठक असते. पासपोर्ट फोटो दोन न्या, शिक्क्याची शाई फिसकटते.