वखारीतलं नऊशे रुपयांचं डिजिटल व्हर्निअर आणि ४४०७ चा माल : पावसाळ्याआधीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

आधी रेटिंग सांगून टाकतो: पाचपैकी तीन. मे महिन्यात विचारलं असतं तर चार दिले असते, ऑगस्टात एकसुद्धा हात आखडून दिला असता.

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. १५० मि.मी., स्टेनलेस, दोन शतांशांची अचूकता, मागे खोली मोजायची काडी, एलआर-४४ सेल. ऑनलाइन हीच वस्तू पन्नास नावांनी विकली जाते, तुम्ही बघितलीच असेल. माझा वापर मात्र मशिनशॉपचा नाही. कुपवाड एमआयडीसीत लाकडाची वखार आहे, तिथं आयातीचे कागद मी बघतो. न्यूझीलंडचं पाईन, अधूनमधून कॅनडाचं दोन बाय चार इंची, कधी युरोपचा स्प्रूस. माल न्हावाशेवाला उतरतो, बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा फॉर्म, सीएचए (कस्टमचा एजंट) भरतो, पण मालाला कस्टमचा कोड कुठला लावायचा म्हणून फोन येतो तो इकडं. शीर्षकातला ४४०७ हा असाच कापलेल्या लाकडाचा कोड. त्यामुळं कुरिअरने आलेले नमुन्याचे तुकडे आधी मोजायचे, मग बोलायचं, अशी सवय लावून घेतलीय. टेपने भागत नव्हतं म्हणून हे घेतलं.

आता मुख्य तक्रार. बंद केल्यावर हे बंद होत नाही. बटण दाबलं की आकडे जातात, एवढंच. आतलं सर्किट शून्य कुठं होतं ते लक्षात ठेवत बसतं आणि सेल पीत राहतं. शनिवारी संध्याकाळी ड्रॉवरमध्ये ठेवलं, सोमवारी काढलं की आकडे लुकलुकायला लागलेले. उपाय सगळ्यांना माहीत आहे, काम झालं की सेल काढून ठेवायचा. पण वखारीत काढून बघा. ते झाकण नखाएवढं, आणि खाली भुसा. एकदा सटकलं की मिस्त्रीमामांची चाळणी मागायची. तेव्हापासून झाकणावर चिकटपट्टी आहे आणि नऊशे रुपयांची वस्तू भंगारातून आणल्यासारखी दिसते.

विक्रेत्याकडे तक्रार केली. उत्तर आलं, "सेल हा खपाचा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही." मी लिहिलं, अहो, सेल नको, तुमचं बटण खोटं आहे ते बदला. मग फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा, मग बंद पडलेल्या स्क्रीनचा फोटो पाठवा. बंद पडलेल्या आणि बंद केलेल्या स्क्रीनच्या फोटोत फरक काय दिसणार, हे त्यांनी सांगितलं नाही. शेवटी तिकीट 'समाधान झाले' म्हणून त्यांनीच बंद केलं. याबद्दल एक तारा कमी.

जूनपर्यंत माझं मत होतं की लाकडाला शतांश मिलिमीटर दाखवणं म्हणजे निव्वळ चैन. ४४०७ ची व्याख्या ढोबळ आहे: उभं कापलेलं, सहा मि.मी.पेक्षा जाड. रंधा मारा, पॉलिश पेपर मारा, टोकाला फिंगर जॉइंट करा, कोड बदलत नाही. ३८ मि.मी.ची फळी ३८.१२ भरली काय आणि ३७.९० भरली काय, कोडला काही फरक पडत नाही.

मग तासगावच्या एका बेदाणेवाल्याची मागणी आली. भेटीच्या पेट्यांसाठी पाईनच्या बारीक पट्ट्या, 'सहा एमएम'. पुरवठादाराने तोच आकडा प्रोफॉर्मात, म्हणजे आगाऊ बिलात, छापला. आता सहा 'पेक्षा जास्त' असेल तर ४४०७, सहा किंवा त्याखाली गेलं की ४४०८, व्हिनियरच्या, म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या घरात. नेमका उंबऱ्यावर बसलेला माल. ऐन पावसाळ्यात नमुना मोजला तर ६.०४. दिवाळीनंतर तीच पट्टी, त्याच खुणेवर, ५.९६.

आधी राग व्हर्निअरवरच निघाला. सेल बदलला, जबडे पुसले, शून्य केलं. पुन्हा ५.९६. मिस्त्रीमामा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "आवो, काट्याला इचारून लाकूड फुगतंय व्हय?" बरोबर होतं त्यांचं. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत पाईन वाढीच्या कड्यांच्या दिशेने ढोबळ सात टक्के आक्रसतं, कड्यांना आडव्या दिशेने त्याच्या निम्मं. हा सगळा आक्रस ओलावा तीसेक टक्क्यांच्या खाली आला की सुरू होतो. सांगलीच्या पावसाळी हवेतली पट्टी आणि हिवाळ्यातली पट्टी यांच्या ओलाव्यात सात-आठ टक्क्यांचा फरक सहज पडतो, म्हणजे सहा मि.मी.त पाच ते दहा शतांश. हे जून महिन्यात चैन वाटणारं यंत्र बरोबर तेवढंच दाखवत होतं. तिथं त्याने माझ्याकडून गेलेला तारा परत घेतला.

त्या मालाचं काय केलं? पुरवठादाराला कळवलं, सहा नको, साडेसहा द्या, पेटीवाल्याला अर्ध्या मिलिमीटरने काही होत नाही. पुरवठादाराने थोडी कुरकुर केली, पण दिले. उंबऱ्यावरचा माल मागवून कस्टमच्या क्वेरीला उत्तरं देत बसण्यापेक्षा आकडाच उंबऱ्यापासून लांब नेलेला बरा, असं माझं मत. सीएचए म्हणाला की शुल्कात फारसं इकडचं तिकडं होणार नाही. नसेल होत. पण इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी (लाकडाला कीड नसल्याचा दाखला) आणि बिल ऑफ एंट्री या चारांवर एक जाडी आणि तपासणीत दुसरी, असं झालं की कंटेनर उभा राहतो आणि डेमरेजचं, म्हणजे उशिराच्या भाड्याचं, मीटर पळतं. ते पैसे सीएचएच्या खिशातून जात नाहीत.

मागच्या काडीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. तोंडात घालायच्या फळ्या, म्हणजे एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ, अशा आल्या की त्या ४४०७ त राहत नाहीत, ४४०९ त जातात. एका नमुन्यात खाच आहे की करवतीचा चरा, यावर आमच्यात वाद झाला. काडी घातली, सगळ्या लांबीभर सारखे आठ मि.मी. वाद मिटला. उलट कॅनडाच्या दोन बाय चारचे कोपरे गोल असतात, ते बघून आमच्या नव्या पोराने त्यावर ४४०९ लिहून ठेवलं होतं. रंधा मारताना दोन बाजूंमधला कोपरा किंचित गोल झाला तर तो माल ४४०७ तच राहतो. तिथं काडी उपयोगाची नाही, डोळे आणि वाचन.

त्याच दोन बाय चारवर यंत्राने आणखी एक काम केलं. नावाला दोन इंच बाय चार इंच, प्रत्यक्षात ३८ बाय ८९ मि.मी. बोर्ड फूट (लाकडाचं तिकडचं घनमाप) मात्र नावाच्या मापावर मोजतात. नावाप्रमाणे हजार बोर्ड फूट म्हणजे २.३६ घनमीटर, हातात येतं १.५५ च्या आसपास. आपल्याकडे बिल ऑफ एंट्रीत घनमीटर लिहायचे असतात आणि गिऱ्हाइकाला घनफुटात विकायचं असतं. बोर्ड फुटाचा आकडा सरळ रूपांतर करून टाकला की कागदावर माल दीडपट होतो. गोदामात तो सापडत नाही आणि मालक तुमच्याकडं बघतात. आता प्रत्येक गठ्ठ्यातल्या चार-पाच फळ्या मोजून प्रत्यक्ष मापाचं घनमीटर वेगळं काढतो.

हे काय करू शकत नाही तेही सांगतो, कारण काही रिव्ह्यूंत 'टिंबर ग्रेडिंगसाठी बेस्ट' असं लिहिलंय. जात सांगता येत नाही. आणि कोडच्या सहा अंकांवर गेलात की जातच लागते: ४४०७.११ पाईन, ४४०७.१२ फर आणि स्प्रूस. २०२२ पासून स्प्रूस, पाईन, फर असा एकत्र विकला जाणारा एसपीएफ माल ४४०७.१३ मध्ये वेगळा आहे, आणि हेमलॉक-फरची जोडी ४४०७.१४ मध्ये. २०१७ च्या आधी हे सगळं एकाच ४४०७.१० त होतं, तेव्हा आमचे जुने कारकून सुखी होते. यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ब्लेडने टोक स्वच्छ कापून बघा. पाईनमध्ये राळेच्या नळ्यांचे ठिपके ठसठशीत दिसतात, स्प्रूसमध्ये बारीक आणि तुरळक, फरमध्ये साधारणपणे नसतातच. फर आणि स्प्रूस एकाच कोडात असल्याने त्या दोघांत डोकं फोडायचं कारण नाही. फक्त इनव्हॉइसवर 'स्प्रूस' असताना गठ्ठ्यात पाईन निघतंय का, तेवढं बघायचं. भिंगाला सेल लागत नाही.

ओल्या पाईनवर मोजताना आकडे उड्या मारतात, तेही लिहायला हवं. सरकपट्टीखाली ओल आणि राळ गेली की ४२ चं एकदम ११७ होतं. स्पिरिटने पुसलं की ताळ्यावर येतं. ओल्या मालाला मी आता टेपच वापरतो.

सेलचं म्हणाल तर सध्या एलआर-४४ ऐवजी सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर-४४ घातलाय. महाग आहे, पण शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतो. तरी शनिवारी काढून ठेवतोच. नवीन घेणाऱ्याने पाचशे रुपये जास्त टाकून डायलचं घ्यावं असं सुचवेन, त्याला सेलच नाही. मी घेणार नाही, कारण याचे नऊशे अजून वसूल व्हायचेत.