काँक्रीटचं अंगण, १४ महिन्यांनंतर: ४ चौकोन चांगले, २ चौकोन माझ्या डुलकीचे

घरामागच्या मोकळ्या जागेत काँक्रीट ओतून घेतलं त्याला १४ महिने झाले. कडक ऊन, धो धो पाऊस, थंडी, सगळं त्याने अंगावर घेतलंय. तेव्हा आता लिहायला हरकत नाही. नवं असताना लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच लिहून बसलो असतो, कारण पहिल्या महिन्यात कुठलंही काँक्रीट देखणंच दिसतं.

मोजमाप असं: लांबी ६ मीटर, रुंदी ४ मीटर, जाडी १० सेंटिमीटर. म्हणजे २.४ घनमीटर माल. सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण १:१.५:३, त्यासाठी ५० किलोच्या साधारण २० गोण्या लागल्या. सांधे, म्हणजे मुद्दाम ठेवलेल्या खाचा, पाडून २ बाय २ मीटरचे ६ चौकोन केले. यातले ४ सकाळी ओतले, २ दुपारी. गोणी तीच, वाळू तीच, मिस्त्रीही तेच. तरी आज कुणालाही अनवाणी चालायला सांगा, सकाळचा भाग कुठे संपतो ते त्याच्या तळव्यांना कळेल.

त्याआधी जमिनीबद्दल, कारण निम्मं काम तिथेच होतं. वरची काळी माती आणि मुळं काढून टाकली, खाली १५ सेंटिमीटर मुरूम आणि बारीक खडी दोन थरांत पसरली, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केला. एकदम सगळा थर टाकून वरून ठोकला तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो. हे मला माहीत होतं. तरी एक जागा नडलीच. गच्चीच्या पाण्याचा पाइप पूर्वी याच जागेतून पुरला होता, त्याचा चर नुसत्या मातीने बुजवलेला. तो उकरून मुरूम भरायला हवा होता, आम्ही वरूनच ठोकून पुढे गेलो. सहाव्या महिन्यात बरोब्बर त्या चरावर एक केसासारखा तडा उमटला. वेल्डमेश, म्हणजे लोखंडी तारांची जाळी, आत घातली होती म्हणून तो तेवढ्यावरच थांबला असावा, दोन्ही बाजू अजून एका पातळीत आहेत. जाळीने काँक्रीटला तडा जायचा थांबत नाही, गेलेला तडा उघडत नाही एवढंच. तेही जाळी कव्हर ब्लॉकवर, म्हणजे खाली ठेवायच्या छोट्या ठोकळ्यांवर, उचलून जाडीच्या वरच्या अर्ध्यात राहिली तरच. माणसं ओतताना तिच्यावरून चालतात आणि ती तळाशी जाऊन बसते, तिथे तिचा फारसा उपयोग नाही. मी स्वतः आकडा घेऊन ती वर ओढत होतो. सकाळी तरी.

उतारावरून मिस्त्रींशी वाद झाला. ते म्हणाले, मीटरला १ सेंटिमीटर पुष्कळ झाला. मला २ हवा होता. शेवटी दीडवर तडजोड झाली, म्हणजे भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत ६ सेंटिमीटरचा ढाळ. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून खुंट्यांवर दोरी बांधली. आज एका ठिकाणी ताटाएवढं पाणी साचतं, तास-दोन तासांत सुकतं. १ सेंटिमीटरवर राहिलो असतो तर अशी ताटं बरीच झाली असती, कारण फळी ओढताना थोडंफार खालीवर होतंच आणि कमी उतारात ते लपत नाही. दीड सेंटिमीटरचा त्रास एकच: मुलांचा चेंडू कधीच जागेवर राहत नाही.

भिंतीला काँक्रीट चिकटू दिलं नाही. मधे १२ मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी उभी केली आणि नंतर वरचा भाग लवचीक सीलंटने भरला. काँक्रीट उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं. ५ मीटर लांबीत ३० अंशांच्या फरकाला साधारण दीड मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण मोकळी जागा नसली तर तेवढं भिंतीला ढकलायला पुरतं. पृष्ठभाग घराच्या ओल-रोधक थरापेक्षा (जमिनीची ओल भिंतीत वर चढू न देणारा थर) १५ सेंटिमीटर खाली ठेवला. त्यामुळे दारातून उतरताना एक पायरी तयार झाली, आणि आई अजून दर आठवड्याला एकदा तरी "सपाट करता आलं नसतं का रे?" विचारते. नसतं आलं. पावसाचे शिंतोडे उडून भिंत ओली राहिली असती. हे मी तिलाही दर आठवड्याला सांगतो.

सांध्यांच्या बाबतीत मात्र मी हट्टाने वागलो आणि ते फळलं. काँक्रीट सुकताना आकसतं, मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ते कुठेतरी फाटणारच, आपण फक्त कुठे फाटायचं ते ठरवायचं. अंतर जाडीच्या २४ ते ३० पटींच्या आत असावं, म्हणजे १० सेंटिमीटरला अडीच-तीन मीटर. खोली जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी, इथे अडीच सेंटिमीटर. आणि चौकोन शक्यतो चौरस, लांबट पट्ट्या मधेच तुटतात. माल ओला असतानाच खाचेच्या पात्याने सांधे पाडले. आज वाकून पाहिलं तर त्या खाचांच्या तळाशी बारीक तडे दिसतात. तिथेच दिसायला हवेत. वरच्या मोकळ्या पृष्ठभागावर पाइपाच्या चरावरचा तो एक सोडला तर आरपार गेलेला तडा नाही.

आता दुपार.

सकाळी प्रत्येक गोणीमागे पाणी मी मोजून देत होतो. वाळूचा ओलावा धरून २५ लिटरच्या वर नाही. माल जरा जड वाटत होता, पसरायला कष्ट पडत होते, पण फळीने ठोकून, रंध्याने दाबून नीट बसला. ४ चौकोन झाल्यावर मिक्सर रुसला. दुरुस्तीला दोन तास गेले. एक बरं केलं की थांबलो ते बरोबर सांध्याच्या रेषेवर. मग जेवण झालं, मिक्सर सुरू झाला आणि मी म्हटलं पाच मिनिटं पाठ टेकतो. ती पाच मिनिटं किती झाली ते विचारू नका.

बाहेर आलो तेव्हा माल डाळीसारखा सपसपीत वाहत होता. उन्हात लवकर घट्ट होतोय म्हणून मदतनीसाने दर घाण्याला अर्धी बादली पाणी जास्त घातलं होतं. म्हणजे गोणीमागे अंदाजे ५ लिटर. तेवढ्याने ताकद सुमारे पाचव्या हिश्शाने घटू शकते. पण खरा घोटाळा पुढचा. जास्तीचं पाणी वर येऊन साचलं, ते उडून जायची वाट कुणी पाहिली नाही. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि लोखंडी थापीने घोटून आरशासारखं गुळगुळीत केलं. मिस्त्री खूश, सगळे खूश. मीही, खोटं कशाला बोलू. सकाळच्या भागावर खराट्याने आडव्या रेघा मारल्या होत्या, त्याच्याशेजारी हे फारच सुबक दिसत होतं.

क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, दोन्हीकडे सारखंच झालं. संध्याकाळी प्लास्टिक, दुसऱ्या दिवसापासून गोणपाट, मग कडेने बांध घालून पाणी भरलं. एकूण १० दिवस. म्हणून मी छातीठोकपणे म्हणतो की फरक पाण्याचा आणि घोटण्याचाच आहे.

तिसऱ्या महिन्यात दुपारच्या चौकोनांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी उमटली. झाडलं की पांढरी पूड निघते, कितीही झाडा. रंगाला ठिगळं पडली. पहिल्या पावसात मी तिथेच सपशेल घसरलो, कोपर महिनाभर दुखत होतं. सकाळच्या खरखरीत भागावर पाण्यातही पाय धरतो.

उपाय म्हणून सोडियम सिलिकेटचं हार्डनर दोनदा लावलं. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रं कठीण पदार्थाने भरतं. पूड बरीच कमी झाली, गेली नाही. नक्षी तशीच आहे. ती वरवरची असते, फोडून काढायची गरज नाही, पण डोळ्याला खुपते.

किरकोळ गोष्टी. पहिल्या दोन महिन्यांत सगळीकडेच पांढरे क्षार वर आले. कोरड्या ब्रशने झाडले, आपोआप थांबले. कुणी ॲसिडने धुवायला सांगेल, ऐकू नका, ॲसिड सिमेंटच खातं. लोखंडी कुंडी-स्टँडचे गंजाचे डाग पडलेत, ते काही निघत नाहीत, पायांना रबरी बूच घाला. सावलीच्या कडेला शेवाळ येतं. भर दुपारी पाय भाजतात, त्याला इलाज नाही.

परत करायचं झालं तर? चर उकरेन. पाण्याच्या पिंपाजवळ खुर्ची टाकून बसेन. मिक्सर बंद पडला तर उरलेले चौकोन दुसऱ्या दिवसावर ढकलेन, सांधा तिथेच असल्याने बिघडत काहीच नव्हतं.

मागच्या महिन्यात मिस्त्री शेजारच्या कामावर आले होते, त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी दुपारच्या भागावर हात फिरवला, पांढरा झालेला तळवा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "दादा, पाणी जास्त पडलं ते मलाही दिसत होतं. पण तुम्ही झोपला होता, उठवायचं कुणी?" मग खराट्याच्या रेघांवर पाय घासून म्हणाले, "हे आमचं काम."