ट्रेलरच्या साखळ्या, बेल्ट आणि खोटं टेस्ट सर्टिफिकेट: सोलापुरातला फसवणुकीचा अनुभव

सोलापूर, मोहोळ, बार्शी, पंढरपूर या पट्ट्यात ट्रेलरवर मोजणीची यंत्रं घेऊन फिरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. रस्ता तपासणारे असोत, माती तपासणारे असोत की सर्व्हेवाले. वाहतुकीत यंत्र बांधायचं साहित्य विकणारा एक माणूस इकडे फिरतोय. त्याचा माल खोटा आहे आणि मालाचा कागदही खोटा आहे. पैसे गेले त्याची चुटपुट आहेच, पण हायवेवर जे होता होता राहिलं त्याचा धसका अजून गेलेला नाही.

आमचं यंत्र एफडब्ल्यूडी, म्हणजे फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर, रस्त्याची ताकद मोजणारं. ठरावीक उंचीवरून वजन ३०० मिलिमीटर व्यासाच्या प्लेटवर पडतं आणि त्या धक्क्याने रस्ता किती दबला हे रांगेत लावलेले जिओफोन (हालचाल टिपणारे सेन्सर) मायक्रॉनमध्ये सांगतात. जुन्या डांबरी रस्त्यावर किती जाडीचा नवा थर द्यायचा, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ११५ या मार्गदर्शिकेप्रमाणे याच आकड्यांवरून काढतात. यंत्र ट्रेलरवर असतं आणि ट्रेलर जीपमागे. निघण्याआधी वजनं आणि जिओफोनची पट्टी वर उचलून लॉकच्या पिना घालायच्या, त्यावर साखळी घ्यायची. ट्रेलरच्या दांडीखालून दोन सुरक्षा साखळ्या फुलीसारख्या जीपला अडकवायच्या, म्हणजे जीप-ट्रेलर जोडणारी हिच निसटलीच तर दांडी डांबरात न रुतता त्या फुलीवर झेलली जाते.

यंत्राचं ओव्हरहॉलिंग चाललं होतं तेव्हा हा माणूस आला. माहिती पक्की, बोलणं गोड. दुसऱ्या कुणाच्या तरी ट्रेलरचे फोटो मोबाइलवर दाखवले. "मालक, डोळे झाकून घ्या. एकेक पीस लोड टेस्ट केलेला देतो." फोर्ज्ड (तापवून ठोकून घडवलेले) डी-शॅकल, म्हणजे साखळी अडकवायच्या डी आकाराच्या कड्या, जास्त ताकदीच्या ८.८ ग्रेडचे बोल्ट, साखळ्या, लॉकच्या पिना आणि जनरेटर व कंट्रोल बॉक्ससाठी "पाच टनी" रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचे पट्टे). जीएसटीसह ३८,५०० रुपये, तेही सगळे आगाऊ, कारण म्हणे टेस्टिंगची फी पुण्यात आधी भरावी लागते. आम्ही सर्टिफिकेट मागितलं. मालाबरोबर ते आलंही, वर एनएबीएलचं, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं चिन्ह, खाली सही-शिक्का.

टेंभुर्णीकडच्या कामाला निघालो होतो. मोहोळच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर गाडी आदळली आणि मागून खरवडल्याचा आवाज आला. पट्टीची एका बाजूची पिन वाकून बाहेर आली होती, साखळीचं शॅकल तुटलं होतं आणि पट्टी रस्त्याला घासत होती. दोन जिओफोन गेले. मागे दुचाकीवर नवरा-बायको आणि पुढे टाकीवर लहान मूल होतं. ड्रायव्हरने एकदम ब्रेक न मारता गाडी हळूहळू डावीकडे घेतली म्हणून ते सुखरूप पुढे गेले. तीच पट्टी पूर्ण सुटून मागे उडाली असती तर काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

तुटलेलं शॅकल हातात घेतलं तेव्हा सगळा उलगडा झाला. तुटलेली जागा करडी, खरखरीत, दाणेदार, गुळाची ढेप फोडल्यावर दिसते तशी. फोर्जिंगचं चांगलं शॅकल जास्त लोड आला तर आधी वाकतं, ताणलं जातं. हे मात्र सरळ दोन तुकडे झालं होतं, म्हणजे ओतीव माल. वरचा सोनेरी मुलामा नखाने निघाला. चांगल्या शॅकलच्या अंगावर किती टनांपर्यंत वापरायचं ते कोरलेलं किंवा उठावात असतं, याच्यावर काहीच नव्हतं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ चा ठसा असायला हवा होता, ती डोकी गुळगुळीत निघाली.

बेल्टची गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिथे आपल्या बाजारात सर्रास फसवतात. "पाच टन" म्हणून जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा बेल्ट तुटण्याचा असतो. वापरायचा आकडा लेबलवर एलसी म्हणून छापलेला असतो आणि पाच टनाला तुटणाऱ्या बेल्टचा तो फार तर अडीच टन निघतो, तोही सरळ ओढीत. त्याच लेबलवर एसटीएफ असा आणखी एक आकडा असतो, म्हणजे हाताने रॅचेट आवळल्यावर बेल्टमध्ये खरोखर किती ताण येतो तो. हा बराच लहान असतो. वस्तूवरून नुसता आडवा बेल्ट टाकून आवळला तर ती वस्तू फक्त घर्षणावर थांबते, आणि ते घर्षण याच लहान आकड्यावर अवलंबून असतं. जोरात ब्रेक लागला की वजनाच्या सुमारे ०.८ पट जोर पुढे येतो असं धरून युरोपीय मानकात हिशेब करतात. २०० किलोचा जनरेटर असेल तर १६० किलोचा धक्का. म्हणून खाली रबरी मॅट हवी, पुढे ठोकळा हवा आणि बेल्ट शक्यतो थेट हुकांना तिरपे हवेत. पॉलिस्टरच्या खऱ्या बेल्टचं लेबल निळं आणि शिवलेलं असतं. आम्हाला मिळालेली लेबलं निळी होती, पण चिकटवलेली, आणि त्यांवर ना एलसी ना एसटीएफ.

मग सर्टिफिकेटकडे वळलो. सगळ्या पीससाठी एकच रिपोर्ट आणि त्यातला नमुना क्रमांक एकाही वस्तूवर नाही. त्यावर ज्या लॅबचं नाव होतं तिथे फोन करून यूएलआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक रिपोर्टला मिळणारा वेगळा क्रमांक, सांगितला. तो क्रमांक त्यांचाच होता, पण रिपोर्ट सळईच्या चाचणीचा होता. याने फक्त मधला मजकूर बदलला होता. अशा लॅबचा रिपोर्ट हातात आला की लॅबचा नंबर त्या कागदावरून घेऊ नका, एनएबीएलच्या साइटवरून काढा आणि मगच फोन करा.

बिलाचंही तेच. पुढच्या महिन्यात आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेली बिलं दाखवणाऱ्या पोर्टलवरच्या यादीत, ते बिल आलंच नाही. पोर्टलवर जीएसटी क्रमांक टाकून पाहिला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. क्रमांक २७ ने सुरू होणारा, पंधरा अक्षरांचा, दिसायला अगदी बरोबर. नोंदणी चालू आहे का, हे पोर्टलवर कुणालाही लॉगिनशिवाय दिसतं, एक मिनिटसुद्धा लागत नाही.

त्याचा फोन आता बंद आहे. पोलिसात लेखी तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे आणि खोट्या दस्ताची वेगळी कलमं आहेत, म्हणून अर्जात सर्टिफिकेटचा स्वतंत्र उल्लेख केला आणि लॅबचं लेखी उत्तर जोडलं. जिओफोन नवे बसवले, पण कॅलिब्रेशन होऊन येईपर्यंत एकही रीडिंग घेतलं नाही. चुकीच्या आकड्यावर ठरलेला रस्त्याचा थर आम्हाला कुणाच्या माथी मारायचा नाही.

तुमच्याकडे असाच सोनेरी मुलाम्याचा, ठसा नसलेला माल आला असेल तर आज ट्रेलर बाहेर काढू नका. माल फेकूही नका आणि बदलून घ्यायला त्या माणसाच्या हातात परत देऊ नका. तुकडे, लेबलं, बिल, पैसे पाठवल्याची नोंद आणि त्याचे मेसेज एकत्र ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. आमच्या एकट्याच्या अर्जावर तो "व्यवहारातला वाद" म्हणून सुटू शकतो. तोच सळईचा रिपोर्ट आणखी दोघा-तिघांच्या फायलीत निघाला तर त्याला तसं म्हणता येणार नाही.